एकटीचं ताट

काल रात्री आईने फोनवर विचारलं, "जेवलीस का?" आणि तू म्हणालीस, "हो गं, जेवले." मी शेजारीच बसले होते. तुझा तो 'हो' ऐकला आणि कळलं, की तू जेवलेली नाहीस. लॉजच्या खोलीत पाय पोटाशी घेऊन बिस्किटांचा पुडा संपवलास आणि वर पाणी प्यायलीस. कसं कळलं म्हणून विचारू नकोस. वीस वर्षांपूर्वी हाच 'हो' मी आईला कितीतरी वेळा ऐकवलाय, अगदी याच सुरात.

म्हणून आज तुझ्याशी निवांत बोलायचंय. आईला यातलं काही सांगणार नाही, तिला उगाच घोर लागेल. पण नोकरी फिरतीची घेतलीस, महिन्याचे दहा-बारा दिवस परगावी काढायचेत, तर जेवणाचं हे आत्ताच मार्गी लागलेलं बरं. एकदा बिस्किटांची सवय लागली की ती सुटत नाही. माझी सुटायला तीन वर्षं लागली.

नेमकं काय होतं ते मला ठाऊक आहे. दिवसभर काम करून खोलीवर यायचं, तोंड धुवायचं, भूक तर सपाटून लागलेली. खाली उतरून पाहावं तर समोरची खानावळ पुरुषांनी भरलेली. दारात उभं राहिलं की सगळ्या माना वळतात, निदान आपल्याला तसं वाटतं. वाढपी विचारतो, "किती जण?" आणि "एकटीच" म्हणताना आपलाच आवाज खाली जातो. एका जिल्ह्याच्या गावी तर मला 'फॅमिली रूम' म्हणून वरच्या मजल्यावर पाठवलं. फळ्या ठोकून केलेली खोली, कळकट पडदा, बंद पंखा. वीस मिनिटं तिकडे कोणी फिरकलंच नाही. मी उठून निघून आले. जिना उतरताना खालच्या टेबलांवर गरम भाकऱ्या पडत होत्या, त्यांचा वास आजही आठवतो. तेव्हा मला राग यायला हवा होता. आली ती लाज. जेवायला मागणं हीच काही चूक होती, असं वाटत राहिलं.

ती लाज आधी टाक. बाकी सगळं मी सांगते.

माझी बिस्किटं सुटली ती जळगावात. बँकेच्या तपासणीच्या कामाला गेले होते, जानेवारीचा महिना, थंडी कडाक्याची. दुपारी डबा उघडायच्या वेळी मी बॅगेतून पुडा काढला, तर शाखेतल्या एक ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "जळगावात आलात, तेही भरिताच्या दिवसांत, आणि हे खाताय?" संध्याकाळी त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि आसोद्याच्या बाजूला एका शेतात नेलं. आसोदा म्हणजे बहिणाबाईंचं माहेर. तिथे त्यांच्या नात्यातली पंधरा-वीस माणसं जमली होती. हिवाळ्यात तिकडे अशा भरीत पार्ट्या होतातच.

भरीत आपण घरीही करतो. गॅसवर वांगं धरायचं, साल काढायचं, कांदा-दाणे घालून कालवायचं. पण त्या दिवशी मी जे पाहिलं त्याला भरीत म्हणतात. वांगी हिरवट पांढरी, एकेक माझ्या हाताच्या पंजापेक्षा मोठं, बिया कमी. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या आणि तुराट्या रचून जाळ केला होता आणि त्यात वांगी सोडून दिली होती. साल काळं ठिक्कर पडलं की बाहेर काढायची आणि हात भाजत असताना सोलायची. मग लाकडाच्या बडगीत भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण आणि ती वांगी घालून जाड दांड्याने ठेचायची. ठेचायचं काम पुरुषांकडे होतं, कारण त्याला जोर लागतो. वरून शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप घातलेली तेलाची फोडणी, कांद्याची भरपूर पात, कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून करतात ती, थोडी करडी, थोडी खरबरीत, आणि भरिताला तीच धरून ठेवते. धुराचा वास वांग्याच्या आतपर्यंत गेलेला असतो, तो गॅसवर कधीच येणार नाही. जळगावच्या या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा मला फार आनंद झाला होता, आपल्या माहेरच्या कोणाचा सत्कार व्हावा तसा.

त्या रात्री मी किती भाकऱ्या खाल्ल्या ते मोजलं नाही. अंगावर शाल, समोर विझत आलेला जाळ आणि आजूबाजूला माझी ओळखही नसलेल्या बायका, "ताई, अजून थोडं घ्या" म्हणून आग्रह करणाऱ्या. आयुष्यातल्या चांगल्या जेवणांची यादी करायची झाली तर ते माझं पहिलं. त्यासाठी मला काय करावं लागलं होतं? काहीच नाही. एका बाईच्या डोळ्यासमोर बिस्किटं खावी लागली, एवढंच. मग वाटलं, तिने विचारायची वाट का पाहायची? आपणच विचारावं की.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली. नव्या गावी पहिल्याच सकाळी, कामाच्या ठिकाणी जी कोणी बाई असेल तिला विचारायचं. अधिकारी असो, शिपाई असो, झाडू मारायला येणारी मावशी असो. मात्र "इथे चांगलं हॉटेल कुठलं?" असं विचारायचं नाही. त्यावर लोक गावातलं सगळ्यात महाग, काचा लावलेलं, पनीरच्या सतरा भाज्यांचं हॉटेल दाखवतात. पाहुण्याला चांगलं दाखवावं ही त्यांची भावना, त्यांची चूक नाही. पण तसलं पनीर आपल्या नाक्यावरही मिळतं. विचारायचं ते असं: "सध्या तुमच्याकडे कशाचे दिवस आहेत? आणि ते घराबाहेर कुठे मिळतं?" हे विचारलं की समोरच्या बाईचा चेहराच बदलतो. ती तुला पत्ता देते, वेळ सांगते, कधीकधी सोबतही येते. फोन मीही बघते, नाही असं नाही, पण रस्ता शोधण्यापुरता. काय खावं हे त्या गावच्या बाईलाच कळतं.

दिवसांचं मी एवढं का म्हणते, तेही सांगते. मालवणला मी पहिल्यांदा गेले ती जुलैत. डोक्यात एकच, सुरमई खायची. बंदराकडच्या रस्त्यावर एका घरगुती खानावळीत शिरले. ओसरीवर चार टेबलं, आत चुलीचा धूर. म्हातारीने विचारलं, "खंयसून इलंस गो?" सांगितलं, पुण्याहून, आणि सुरमई हवी. ती हसली. म्हणाली, दर्या बंद आहे, आता सुरमई हवी असेल तर बर्फातली खावी लागेल, ती मी रांधत नाही.

मला हे माहीतच नव्हतं. पावसाळ्यात, साधारण जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या अखेरीपर्यंत, आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. समुद्र खवळलेला असतो आणि माशांच्या विणीचा काळही तोच. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन होड्या पुन्हा बाहेर पडतात. या दिवसांत किनाऱ्यावरच्या हॉटेलात ताजी सुरमई म्हणून जे पुढ्यात येतं, ते बहुतेक वेळा लांबून, बर्फातून आलेलं असतं. आपण समुद्राच्या वाऱ्यात बसून ते कौतुकाने खातो.

म्हातारीने मला मग काय वाढलं, ऐक. उकडा भात आणि त्यावर कुळथाची पिठी, लसणीच्या फोडणीची, इतकी गरम की वाफेने चष्मा धुरकटला. भाजलेल्या सुक्या बांगड्याची किसमूर, त्यात ओलं खोबरं आणि कच्चा कांदा. टाकळ्याची भाजी, जी पावसाच्या पहिल्या महिन्यातच कोवळी मिळते. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि दोन आंबोळ्या. शेवटी वाटीभर सोलकढी. बाहेर असा पाऊस, की समोरचं घर दिसत नव्हतं. ती म्हणाली, "गोकुळअष्टमीक ये, शेगलाची भाजी घालतंय." शेगूल म्हणजे शेवगा, त्याच्या पाल्याची भाजी. अष्टमीला तिकडे ती आणि काळे वाटाणे आणि आंबोळ्या, असा घरोघरचा बेत असतो.

सुरमई मी पुढे ऑक्टोबरात जाऊन खाल्ली. उत्तमच होती. पण माझ्या मनात मालवण म्हटलं की ती कुळथाची पिठी येते. कारण त्या म्हातारीने मला नाही म्हटलं होतं. जी बाई गिऱ्हाइकाला नाही म्हणते, तिच्याकडे डोळे मिटून जेवायला बसावं. हे लक्षात ठेव, फार उपयोगी आहे. पंधरा पानी मेन्यूकार्ड पुढे ठेवून कशालाच नाही न म्हणणाऱ्या हॉटेलात सगळं फ्रीजमधून येतं. एका सुरेख शहरात अशाच एका बड्या हॉटेलात मी वर्षाच्या भलत्याच महिन्यात उंधियू मागवला होता आणि दोन दिवस अंथरुणात काढले होते. खानावळीत बसताना म्हणून पहिला प्रश्न कायम तोच: "आज काय केलंय?" उत्तर दोन-तीन पदार्थांत संपलं, तर निश्चिंत बस.

कोल्हापूरचं तुला जास्त सांगायला नको, तिथे तुझी मैत्रीणच आहे. तरी दोन गोष्टी. मिसळ खाताना कट आधी थोडा चाखून बघ, मग ओत. तिथे त्याला कटच म्हणतात, पुण्यात 'सॅम्पल' मागायची सवय तिथे नको, आणि सोबत पावाच्या ऐवजी ब्रेडचे स्लाइस आले तर गोंधळू नकोस, तीच तिथली रीत. आणि मटणाच्या थाळीत पांढरा रस्सा आधी पी. लोक तांबड्यावर तुटून पडतात. पांढऱ्यात ना तिखटाची पूड असते ना हळद. मटणाचं पाणी, नारळाचं दूध, तीळ-खसखशीचं वाटण, एवढ्यावर तो उभा असतो, त्यामुळे त्यात काही लपवता येत नाही. पांढरा जमलेला असला की समजावं, आचारी खरा. रात्री मैत्रिणीला घेऊन गंगावेशीला जा. तिथे कट्ट्यावर म्हशी आणून समोर धार काढतात आणि फेसाळलेलं दूध तसंच पेल्यात देतात. बायका-मुलं, पैलवान, कॉलेजची पोरं, सगळे एका रांगेत उभे राहून पितात. पण पोट नाजूक असेल त्या दिवशी नको, ते दूध न तापवलेलं असतं आणि तुझं पोट मला माहीत आहे.

आता बंगळुरूचं सांगते, कारण एकटीने जेवायचं म्हणजे काय, ते मी खरं तिथे शिकले.

गांधी बझारमध्ये विद्यार्थी भवन आहे, १९४३ सालचं. आसपासच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झालं म्हणून हे नाव. मी गेले ती एका शनिवारी सकाळी. बाहेर ही गर्दी. (शुक्रवारी जाऊ नकोस, सुट्टी असते.) यादीत नाव लिहून घेतात आणि जागा झाली की पुकारतात. माझ्यापुढे चार-चार, सहा-सहा जणांची कुटुंबं होती. मी 'एक' म्हणून सांगितलं, तेव्हा जुन्या सवयीने आवाज पुन्हा खाली गेला. आणि पाचच मिनिटांत माझं नाव आलं! एका टेबलाशी तीन माणसं बसली होती, चौथी खुर्ची रिकामी होती. चौघांच्या कुटुंबाला ती चालणार नव्हती, मला चालत होती. माझ्या उभ्या आयुष्यात एकटी असल्याचा फायदा मला पहिल्यांदा तिथे झाला.

टेबलावर एक वयस्कर जोडपं आणि एक कॉलेजचा मुलगा. कोणी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. परक्या माणसांशी टेबल वाटून घेणं तिथे इतकं अंगवळणी पडलंय, की कोण कोणाबरोबर आलंय हा प्रश्नच उरत नाही. भिंतींवर कन्नड लेखकांची, थोरामोठ्यांची चित्रं. पांढऱ्या पंचातला वाढपी आला, तो डोशाच्या दहा-बारा बशा एका हातावर, पार खांद्यापर्यंत रचून. एकेक बशी पत्त्यासारखी समोर टाकत गेला. डोसा आपल्याकडे मिळतो तसा पातळ कागद नव्हे. जाडसर, तांबूस, वरून कुरकुरीत आणि आत मऊ, बोटाला तूप लागेल असा. चटणी पातळ, डोशावरच ओतायची. त्या आजींनी स्वतःच्या बशीकडे बोट दाखवून मला खुणेने सांगितलं, अशी ओत. आमच्यात एकाही शब्दाची देवाणघेवाण झाली नाही, मला कन्नड येत नाही, त्यांना मराठी येत नसावं. शेवटी त्या दोघांनी एक कॉफी दोघांत मागवली. 'बाय-टू' म्हणतात तिथे. आपल्या कटिंगसारखंच ते.

मी बाहेर आले आणि फुटपाथवर थांबले. एकटी जेवले होते आणि जेवताना ते विसरले होते. मला रडू आलं, खरंच. त्या जिन्यावरून उपाशी उतरलेली मी आठवले.

तुला बंगळुरूला काम निघेल तेव्हा शंकरपुरममधल्या ब्राह्मिन्स कॉफी बारलाही जा. १९६५ पासूनचं आहे. इडली, वडा, खाराबात, केसरीबात आणि कॉफी, संपली यादी. सांबार मिळतच नाही, फक्त चटणी, पण ती मागाल तितक्या वेळा. सगळे उभ्याने खातात, त्यामुळे एकटं-दुकटं हा भेदच नाही. लालबागजवळचं एमटीआर १९२४ चं, तिथे मात्र सुट्टीच्या दिवशी दोन तास हाताशी हवेत. रव्याची इडली त्यांच्याकडची, दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा सुरू केली असं ते सांगतात. मला तिथली थाळी फार होते, अर्धी टाकवत नाही म्हणून मी सकाळीच जाते.

तेव्हा सुरुवात करताना अशी जागा निवड, जिथे उभ्याने खातात किंवा टेबल वाटून घेतात. आपल्याकडे तर अशा जागा कमी का आहेत? पणजीत सकाळी कॅफे भोसले नाहीतर कॅफे ताटोमध्ये बघ. भाजी-पाव खायला ऑफिसला निघालेले लोक येतात, जिथे खुर्ची मिळेल तिथे बसतात, दहा मिनिटांत खाऊन उठतात. पातळ भाजी, सुकी भाजी, दोन्ही मिसळलेली 'मिक्स', सोबत पाव आणि तळलेली मिरची. पावभाजी म्हणून मागितलंस तर मुंबईची पावभाजी येईल, तेव्हा भाजी-पावच म्हण. आणि सकाळी लवकर उठलीस तर पाववाल्या पोदेराच्या सायकलचा भोंगा ऐकू येईल, त्याच्याकडून गरम पोई घे. गव्हाचा कोंडा लावलेली, पोकळ, आत काही न भरताही गोड लागते.

इंदूरला रात्री भीती वाटेल असं तुला वाटतंय ना? मलाही वाटलं होतं. पण सराफ्यात दिवसभर सोन्याची दुकानं आणि ती बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात, मध्यरात्र उलटेपर्यंत. रात्री अकरा वाजता तिथे सुना, सासवा, कडेवरची मुलं, सगळे भुट्ट्याचा कीस खात उभे. कोवळं कणीस किसून दुधात शिजवतात तो. थंडी असेल तर तळलेला गराडू, म्हणजे कंद, घे, बारा महिने मिळत नाही. सकाळी पोहे-जिलबी. तिथले पोहे आपल्यासारखे परतत नाहीत, वाफेवर ठेवतात, म्हणून इतके मऊ असतात, आणि वर जीरावन मसाला भुरभुरतात. दुकानदाराशी मराठीत बोलून बघ. होळकरांच्या काळापासूनची मराठी वस्ती आहे, चारात एक तरी मराठीत उत्तर देतो आणि मग प्लेटमध्ये शेव जरा जास्त पडते.

बाबा आम्हाला लहानपणी पुण्याला न्यायचे ते आठवतं का? तू फारच लहान होतीस. कर्जत आलं की बाबा खिडकीतून हात बाहेर काढून वडेवाल्याला हाक मारायचे. दिवाडकरांचा वडा. बाबा सांगायचे, बोरघाट चढायला गाडीला मागून इंजिनं जोडावी लागतात, तेवढा वेळ गाडी कर्जतला उभी राहते, म्हणून इथला वडा मोठा झाला. मोठेपणी फिरताना मला त्यांचं ते बोलणं फार उपयोगी पडलं. माणसांना जिथे थांबणं भागच असतं, तिथे खाणं चांगलं आणि ताजं होतं, कारण माल पडून राहत नाही. बाजार समितीच्या दारातली खानावळ, कोर्टासमोरचं उपाहारगृह, मोठ्या सरकारी दवाखान्याच्या रस्त्यावरचं पोळीभाजी केंद्र. या तिन्ही ठिकाणी बायाही जेवायला असतात, हे विशेष. गावोगावहून कामाला आलेल्या, तुझ्यासारख्याच. त्यांच्या शेजारी जाऊन बस. मी कित्येकदा बसलेय. चटणी वाटून घेतलीय, एकीने तर स्वतःच्या डब्यातली कारळ्याची चटणी माझ्या ताटात वाढली होती आणि ती त्या खानावळीतल्या सगळ्या भाज्यांहून चांगली होती.

वेळेचं मात्र सांभाळ. खानावळीत दुपारी एकच्या आत बसावं, दोननंतर भाजीचा तळ आणि गार पोळ्या येतात. सराफ्यासारखी जागा सोडली, तर रात्री आठच्या आत जेवून खोलीवर यायचं. हे मी घाबरवायला सांगत नाही. नव्या गावात रस्ते लवकर सुनसान होतात आणि रिक्षा मिळत नाहीत, म्हणून सांगते. गल्ल्याजवळच्या टेबलावर बस, मालकाच्या नजरेत. हातात सुटे पैसे ठेव. 'फॅमिली रूम' म्हणून वर पाठवायला लागले तर शांतपणे म्हण, "मी इथेच बसते." एवढं पुरतं. मी ते पंधरा वर्षं म्हणत आलेय, एकदाही कोणी उठवलेलं नाही. आणि तरीही कोणाची नजर खटकली, तर जेवण अर्धं टाकून पैसे देऊन उठ. अन्न टाकू नये हे आईने शिकवलंय, पण त्या वेळी ते मनात आणू नकोस.

पोटाचंही थोडं. पहिल्या दिवशी तिखटाच्या वाटेला जाऊ नकोस, पहिल्या दिवशी दहीभात किंवा भाकरी आणि पिठलं. चिरून ठेवलेली कोशिंबीर बाहेर खायची नाही, अख्खा कांदा मागून घ्यायचा. पाण्याची बाटली स्वतःची. पाळीच्या दिवसांत प्रवास असेल तर गुळाचा खडा आणि शेंगदाणे पिशवीत हवेत. बिस्किटं नेलीस तरी चालेल, पण गाडी अडकली तर म्हणून.

एक छोटी वही ठेव. मी फोटो काढत नाही, लिहिते. गाव, तारीख, काय खाल्लं, कोणी सांगितलं. सांगणाऱ्या बाईचं नाव नक्की लिही. माझ्या वहीत आता चाळीसच्या वर गावं आहेत आणि त्यातली चांगली म्हणावी अशी जवळजवळ सगळी जेवणं कोणा ना कोणा बाईने सांगितलेली आहेत. वही उघडली की चवीच्या आधी त्याच आठवतात.

सोमवारी तुला नागपूरला जायचंय. सकाळी तर्री-पोहे खा, चण्याची तर्री बाजूला मागून घे. सांबारवडी दिसली तर सोडू नकोस, तिकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. सावजी हे मूळचं हलबा कोष्टी या विणकर समाजाचं जेवण, मसाला जहाल असतो, ते मंगळवारी दुपारी खा, पोट स्थिरावल्यावर. कोणाबरोबर तरी जा आणि पाटोडी रस्सा मागव, मटणाच्या मागे लागू नकोस. वर्ध्याला काम निघालं तर आईसाठी गोरसपाक आण, तिला तो फार आवडतो आणि बरीच वर्षं कोणी आणलेला नाही.

रात्री नऊला आईचा फोन येईल. त्याआधी जेवून घे, आणि काय जेवलीस ते मला वेगळं कळव.